घरात माणसे तीन, पण वीज, गॅस आणि स्वयंपाक पाच जणांचाच: बचतीची सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ (फेब्रुवारी)

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या जूनपर्यंत घरात पाच माणसे होती. जूनमध्ये मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला गेली आणि त्याच सुमारास सासूबाई धाकट्या दिरांकडे साताऱ्याला राहायला गेल्या, त्यामुळे आता मी, माझे यजमान आणि बारावीत शिकणारा मुलगा असे तिघेच उरलो आहोत. माणसे कमी झाली की खर्चही उतरेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बिले काढून पाहिली, तेव्हा गेल्या वर्षीच्या जानेवारीत २५५ युनिट आणि यंदाच्या जानेवारीत २४८ युनिट वीज लागल्याचे दिसले. गॅसचे सिलिंडर पूर्वी ३१-३२ दिवस पुरत असे, ते आता ३५ दिवस पुरते. किराणा आणि भाजी यांच्या खर्चातही फारसा फरक पडलेला नाही.

मला पैशांइतकेच बोचते ते रोज बादलीत जाणारे अन्न. कोथिंबिरीची अर्धी जुडी सडते, दही आंबट होऊन जाते, रात्रीचा भात सकाळी उरतो आणि दोन-तीन दिवसांनी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून वाटीभर उसळ निघते, ती कोणी खात नाही. स्वयंपाक मीच करते. तांदळाच्या डब्यात सासूबाईंचे पितळी चिपटे आहे. रोज रात्री त्याने एक चिपटे तांदूळ घेते, पोळ्या सकाळ-संध्याकाळ मिळून अठरा-वीस होतात आणि भाजीबाजार रविवारी एकदाच करते.

यजमानांचे म्हणणे असे, की बारा वर्षांचा फ्रिज (३१० लिटर) काढून पंचतारांकित घ्यावा, सगळे पंखे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) करावेत आणि गॅसऐवजी इंडक्शन शेगडी वापरावी. हे सगळे एकदम करण्याइतके पैसे हाताशी नाहीत. आधी काय करावे, आणि काही विकत न घेता काय साधेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

तारजोड

मी तीस वर्षे घरगुती वायरिंगची आणि उपकरणे दुरुस्त करण्याची कामे केली आहेत, तेव्हा विजेपुरते सांगतो.

प्रथम बिलाची रचना समजून घ्या, कारण बचतीचा खरा हिशेब तिथे आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याच्या वरच्या दराने आणि पुढची त्याहून वरच्या दराने आकारली जातात. वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा प्रतियुनिट आकार) धरला, तर दुसऱ्या टप्प्यातील युनिट पहिल्या टप्प्यातील युनिटाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडते आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, तो धरून अनेक जण बचतीचा अंदाज बांधतात, आणि ते चुकते. तुमचा वापर २४८ युनिट असेल, तर तुम्ही वाचवलेले प्रत्येक युनिट वरून, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होते. त्यामुळे महिन्याला २० युनिटे वाचली, तरी ती नगण्य समजू नका.

आता माणसे कमी होऊनही वापर का उतरला नाही, ते पाहू. फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर, गीझर आणि दिवाणखान्यातला पंखा यांना घरात किती माणसे आहेत, हे ठाऊक नसते. ती पाच जणांसाठी जितकी चालत, तितकीच तिघांसाठी चालतात. म्हणून आधी एक चाचणी करा. सध्या नाशिकमध्ये रात्री पंखा लागत नाही, तेव्हा हे सोपे आहे. पहिल्या रात्री नेहमीप्रमाणे सर्व राहू द्या, ११ वाजता मीटरवरचा आकडा दशांशासह लिहा आणि सकाळी ६ वाजता, गीझर लावण्यापूर्वी, पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री फ्रिज सोडून बाकी सगळ्यांचे बटण भिंतीवर बंद करा आणि तसेच आकडे घ्या. दुसऱ्या रात्रीचा आकडा हा फ्रिजचा, आणि दोन्हींतला फरक हा झोपेतही वीज खाणाऱ्या बाकीच्या वस्तूंचा. दहा वॅटचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद करून चोवीस तास तसाच ठेवला, तर महिन्याला सात युनिटे घेतो. आता तुमच्याकडे असे दोन आहेत का, ते तुम्हीच पाहा.

सात तासांत एकट्या फ्रिजने अर्ध्या युनिटाहून जास्त घेतले, तर आधी त्याच्या दाराचे रबर तपासा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निघाली, तर तिथून गारवा गळतो आहे. चारही बाजूंनी असे करून पाहा. रबर बदलणे हे नवा फ्रिज घेण्याच्या तुलनेत अगदी किरकोळ काम आहे. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला असेल, तर हवा खेळण्यापुरता पुढे ओढा, आणि मागे जाळी असेल तर तिच्यावरची धूळ ब्रशने काढा. एवढे करूनही वापर उतरला नाही, तरच नव्याचा विचार करा, आणि तेव्हाही ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नका. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर वर्षाला किती युनिटे लागतील, हे छापलेले असते. तो आकडा वाचा. पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज चार ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो, आणि तिघांना ३१० लिटर लागत नाहीत.

गीझरबद्दल थोडक्यात. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण पाऊण युनिट लागते, म्हणजे २,००० वॅटच्या गीझरला वीस-बावीस मिनिटे पुरतात. तो सकाळी सहाला लावून नऊला बंद होत असेल, तर निवणारे पाणी तो पुन्हा पुन्हा तापवत बसतो. तिघांनी लागोपाठ आंघोळी उरकाव्यात.

पंख्यांच्या बाबतीत यजमानांचे म्हणणे बरोबर आहे, पण सगळे एकदम बदलू नका. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १४ तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला १९ युनिटे वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतल्या, दिवसाला एक तास चालणाऱ्या पंख्यात दीड युनिटही वाचत नाही. म्हणून जो सर्वांत जास्त फिरतो, तो एकच बदला.

पाटावरवंटा

ताई, तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर त्या पितळी चिपट्यावर थांबली. चिपटे म्हणजे शेराचा चौथा भाग. ते पाच माणसांच्या ताटांचे माप आहे आणि तुम्ही अजून त्यानेच तांदूळ घेत आहात. तुमच्या घरातून दोन माणसे गेली, पण माप तेच राहिले. पोळ्यांचे, विरजणाचे आणि भाजीच्या पिशवीचेही तसेच झाले असणार. माझ्या घरी मुले शिकायला बाहेर पडली, तेव्हा माझेही नेमके हेच झाले होते आणि ते लक्षात यायला मला दीड वर्ष लागले. हात मोजत नाही, त्याला सवय झालेली असते. शिवाय कमी शिजवताना मनात एक धाकधूक असते, की कोणाला कमी पडले तर काय. ही धाकधूक चांगल्या गृहिणीची आहे, तिला नावे ठेवू नका, फक्त तिच्यासाठी भाताऐवजी दुसरी सोय करा: घरात पोहे, शेंगदाणे, भाजणी, दोन केळी असू द्या, म्हणजे ऐनवेळी कोणी आले किंवा मुलाला अधिक भूक लागली, तर अडचण होत नाही.

माझी सूचना अशी, की पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका, फक्त वजन करा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घ्या आणि खाण्याजोगे असूनही टाकावे लागले, ते एका डब्यात जमवून रोज वहीत लिहा: काय, किती ग्रॅम, आणि का टाकले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'जास्त शिजले', 'सडले', 'फ्रिजमध्ये विसरले' आणि 'कोणाला आवडले नाही' ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. त्यात साली-बियांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले असल्याने तुमच्या वहीतला आकडा त्याच्याशी थेट ताडू नका, पण किती मोठ्या गोष्टीबद्दल आपण बोलतो आहोत, ते त्यावरून कळते.

'जास्त शिजले' याचे औषध माप. जेवणात पोळी असताना माणशी ५० ग्रॅम तांदूळ पुरेसे होतात, म्हणजे तुम्हाला दीडशे ग्रॅम. कणकेच्या एका वाटीत साधारण चार-पाच पोळ्या होतात. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाला किती हव्यात, हे विचारून तेवढ्याच लाटा आणि उरलेली कणिक झाकून ठेवा.

येथे बरेच जण फोडणीचा भात, फोडणीची पोळी, चकोल्या, थालीपीठ हे मार्ग सुचवतील. ते सगळे मला प्रिय आहेत आणि आपल्या आज्यांनी ते गरजेतूनच शोधले. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की रोज सकाळी फोडणीचा भात करावा लागत असेल, तर तो बचतीचा मार्ग राहत नाही: रात्री जास्त शिजवलेल्या भातासाठी एकदा गॅस गेला, रात्रभर तो फ्रिजमध्ये ठेवण्यासाठी वीज गेली, आणि सकाळी पुन्हा तेल, कांदा, शेंगदाणे आणि गॅस लागला. आठवड्यातून एकदा, आवडीने करा. आणि भात उरलाच, तर तो ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये टाका. भातात वाढणारे काही जिवाणू असे विष सोडतात, की जे पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही.

'सडले' याचे औषध क्रम. रविवारी आणलेली भाजी आवडीप्रमाणे नव्हे, तर टिकण्याप्रमाणे करायची: रविवार-सोमवार पालेभाज्या, नंतर भेंडी, गवार, वांगी, त्यानंतर कोबी, दुधी, लाल भोपळा, आणि शुक्रवार-शनिवार भिजवलेली कडधान्ये किंवा पिठले. कोथिंबीर न धुता निवडा, कोरडी करा, सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. देठ टाकू नका, वाटणात आणि आमटीत त्यांचाच स्वाद जास्त उतरतो. मिरच्यांचे देठ काढून ठेवले, तर त्या जास्त टिकतात. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचे थालीपीठ हे सर्व तुम्हाला ठाऊकच असेल.

'विसरले' याचे औषध एक ताट. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, डोळ्यांसमोर एक ताट ठेवा आणि उरलेल्या सर्व वाट्या त्यातच ठेवा. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक ठरवण्याआधी ते ताट पाहायचे. दह्यासाठी विरजण थोडे आणि दूध अर्धे घ्या. आंबट झालेच, तर कढी.

वेष्टनबंद वस्तूंविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. 'बेस्ट बिफोर' ही तारीख चव आणि प्रत उत्तम राहण्याची मुदत सांगते. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' या तारखेनंतर मात्र पदार्थ खाऊ नये. पहिली तारीख उलटलेला, पण नीट बंद असलेला रवा किंवा पोहे वास, चव आणि कीड पाहून वापरता येतात.

निळीज्योत

इंडक्शनबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून हिशेब मांडतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो पूर्ण जळला, तर त्यातून सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. चांगल्या शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्क्यांच्या आसपास धरली, तर भांड्यापर्यंत सुमारे १२३ युनिटे पोहोचतात. तीच उष्णता ८५ टक्के कार्यक्षम इंडक्शनवर मिळवायला सुमारे १४५ युनिटे लागतील. माझ्या बिलावर दुसऱ्या टप्प्यात वहन आकारासह एक युनिट ११ रुपयांच्या वर पडते. वीज शुल्क धरून ही १४५ युनिटे १,८०० रुपयांच्या पुढे जातात, आणि सिलिंडर मला ९०० रुपयांच्या आत-बाहेर मिळते. तुमचा वापर आधीच २४८ असल्याने इंडक्शनची सगळी वीज याच टप्प्यात, आणि ३०० च्या पुढे गेल्यास त्याहून महाग टप्प्यात पडेल. ज्यांचा एकूण वापर १०० युनिटांच्या आत राहतो किंवा ज्यांच्या छतावर सौर पॅनल आहेत, त्यांचे गणित वेगळे. तुमच्यासाठी आजच्या दराने इंडक्शन म्हणजे खर्चात वाढ आहे, हे यजमानांना अवश्य दाखवा.

गॅस वाचवायचा असेल, तर डाळ आणि तांदूळ अर्धा तास, कडधान्ये रात्रभर भिजवा. पाच माणसांच्या मोठ्या कुकरमध्ये तिघांचे शिजवत असाल, तर लहान कुकर काढा, कारण दर वेळी ते जाड बूड आणि तळाचे पाणीही तापवावे लागते. डाळ, भात आणि बटाटे एकावर एक डबे ठेवून एकदाच शिजवा. पहिली शिट्टी झाली, की आच अगदी मंद करा; आत दाब तयार झाला, की पाणी सुमारे १२० अंशांवर असते आणि मोठ्या आचेने ते त्याहून तापत नाही, फक्त वाफ शिट्टीवाटे निघून जाते. मिनिटे मोजा, शिट्ट्या नव्हे. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका आणि ती पिवळी दिसत असेल, तर बर्नरची भोके साफ करून घ्या. फ्रिजमधले दूध किंवा आमटी थेट शेगडीवर न ठेवता थोडा वेळ आधी बाहेर काढा. दिवसातून चार वेळा चहा होत असेल, तर दोनदा करून थर्मासमध्ये भरा.

उंबरठा

एकच गोष्ट सांगावीशी वाटते. 'उरलेले कामाच्या मावशींना देतो, त्यामुळे वाया जात नाही', असे अनेक घरांत म्हटले जाते. द्यायचे असेल, तर त्याच दिवशी, ताजे असताना, आणि आपण स्वतः खाऊ असे द्यावे, त्यांना हवे आहे का, हे आधी विचारून. दोन दिवसांचे अन्न फ्रिजमधून काढून देणे म्हणजे आपली बादली दुसऱ्याच्या घरी पोहोचवणे आहे.

गोदाकाठ (एप्रिल)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने घेतले, कारण आकडे हाती आल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

पाटावरवंटा ताई, पहिल्या पंधरा दिवसांत काही न बदलता केलेल्या नोंदीत ५ किलो ८०० ग्रॅम अन्न टाकलेले निघाले. मला वाटत होते, की भाजी सडणे हेच मुख्य कारण असेल. पण त्यातले साडेतीन किलो 'जास्त शिजले' या रकान्यातले होते, आणि त्यात भात सर्वांत जास्त. चिपट्यात भरलेले तांदूळ काट्यावर ठेवले, तर २४० ग्रॅम भरले. आता डब्यात ५० ग्रॅमची एक छोटी वाटी ठेवली आहे. अलीकडच्या पंधरा दिवसांत टाकलेले अन्न १ किलो ९०० ग्रॅमवर आले. मुलगा पहिल्या आठवड्यात दोनदा उपाशी उठला, हे मान्य करते. त्यानंतर त्याला विचारून त्याच्यासाठी दोन पोळ्या वाढवल्या.

तारजोड दादा, रात्रीच्या चाचणीत फ्रिजने सात तासांत ०.८ युनिट घेतले आणि बाकीच्या वस्तूंनी ०.२. दाराच्या खालच्या बाजूने नोट अलगद निघाली. रबर बदलल्यावर तीच चाचणी केली, तेव्हा ०.५ आले. आत वाट्यांची गर्दी नसल्याने दारही आता कमी वेळ उघडे राहते. गीझर २५ मिनिटे लावतो, दोन्ही सेट-टॉप बॉक्स रात्री भिंतीवरून बंद करतो आणि दिवाणखान्यातला एकच पंखा बदलला. मार्चचे बिल २०९ युनिटांचे आले. गेल्या मार्चमध्ये पाच जणांना २७१ लागली होती.

निळीज्योत, तुमचा हिशेब यजमानांनी स्वतः आमच्या बिलावरील दर घालून पुन्हा केला आणि इंडक्शनचा विषय थांबला. तीन लिटरचा जुना कुकर माळ्यावरून काढला. सध्याच्या सिलिंडरचा आज ४३ वा दिवस आहे आणि ते अजून चालू आहे.

आता वर्षाचे धान्य भरण्याचे दिवस आले आहेत. आम्ही दर वर्षी मे महिन्यात २०० किलो गहू घेऊन, उन्हे देऊन, एरंडेल तेल चोळून कोठीत भरत असू. गेल्या वर्षीचे ५५ किलो अजून शिल्लक आहेत आणि त्यात टोके दिसू लागले आहेत. ते चाळून, ऊन देऊन आधी संपवायचे ठरवले आहे. नव्या मापाने आमची कणिक महिन्याला नऊ ते दहा किलो होते, त्यावरून या वर्षी १०० किलोच घ्यावा असा विचार आहे. सासूबाई दिवाळीत महिनाभर येतात आणि मुलगीही आठ दिवस असते, त्यांचे धरून हा अंदाज बरोबर वाटतो का, ते पाटावरवंटा ताईंनी सांगावे.

पाटावरवंटा

महिन्याचा अंदाज बरोबर आहे, त्याने वर्षाला साधारण ११५ किलो लागतील; पण त्यातून जुने ५५ किलो वजा करून ६० किलोच घ्या. कमी पडले, तर पुढच्या मार्चमध्ये दहा किलो दुकानातून आणता येतील. जुना गहू चाळल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका, आणि नव्या गव्हात तो मुळीच मिसळू नका.